शिक्षक प्रशिक्षणाच्या सरकारी अनुदानासाठी प्रस्ताव कसा लिहावा?

तुमची संस्था जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांना गणिताचं प्रशिक्षण देते आणि केंद्राचं अनुदान पहिल्यांदाच मागतेय, तर आधी कागद बघा. दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) युनिक आयडी, पीएफएमएसवर (सरकारी निधी वाटपाची ऑनलाइन प्रणाली) नोंदलेलं बँक खातं, मागचे ऑडिट रिपोर्ट. एखादा राहिला तर चांगला प्रस्तावही छाननीतच अडकतो.

खरा वेळ गरज मांडण्यात घाला. ‘शिक्षकांची गुणवत्ता वाढवणे’ हे सगळेच लिहितात. तुम्ही चार वर्गांत मागच्या बाकावर बसून या. ‘वजाबाकीत शिक्षक दशकाचा गठ्ठा सोडून दाखवत नाहीत, नुसतं शेजारून एक उसना घे म्हणतात’, हे एक वाक्य पानभर प्रस्तावनेला भारी पडतं. मग प्रशिक्षण त्याच अडचणीवर बेता, आणि नंतर वर्गात जाऊन बदल कसा तपासणार तेही लिहा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित आहे. तुमचे तास त्यात कुठे बसतात ते दाखवा. डाएटशी, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेशी, आधीच बोला, शिक्षक कोणत्या महिन्यात मोकळे असतात हे त्यांना ठाऊक असतं.

बजेट ‘माणसं गुणिले दिवस गुणिले दर’ असं उलगडून द्या. पुढे उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) भरताना हाच तक्ता हाताशी लागतो.