ब्रेकेनरिजमधली पहिली घरगुती बिअर

पहिल्याच खेपेला आयपीएच्या, म्हणजे भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेल्या बिअरच्या मागे लागू नका, साधी पेल एल (फिकट रंगाची, सौम्य बिअर) करा. तुम्ही राहता ते कोलोरॅडोतलं ब्रेकेनरिज जवळपास २,९०० मीटरवर आहे. तिथे पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं आणि हॉप्सचा कडवटपणा पुरता उतरत नाही. समुद्रसपाटीची रेसिपी जशीच्या तशी केलीत तर बिअर गुळमट लागेल. कडवटपणासाठी घालायचे हॉप्स थोडे वाढवा.

उकळी थांबल्यावर बिअरला जे जे लागणार ते सगळं, अगदी नळीचं टोकसुद्धा, सॅनिटायझरमधून काढा. वर्ट, म्हणजे उकळलेलं माल्टचं गोड पाणी, २० अंशांपर्यंत उतरलं की यीस्ट टाका. हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणाऱ्या साधनाचं) रीडिंग सलग दोन-तीन दिवस तेच येईपर्यंत बाटल्या भरू नका. आंबणं अर्धवट राहिलं तर बाटली फुटून काचा उडतात. इथे अजिबात सूट घेऊ नका.

स्कीइंग आटोपलं की जवळच्या फ्रिस्को गावी आउटर रेंज या ब्रूअरीत जरूर जा. कोरड्या हवेत अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणून आधी पोटभर पाणी, मग छोटे ग्लास. त्यांची धूसर आयपीए घोटाआधी नाकाशी धरा. ब्रूअर मोकळा दिसला तर यीस्ट कुठलं, आंबवलं किती अंशांना, हे विचारा. ही मंडळी आवडीने सांगतात. परतताना गाडी नको, समिट स्टेज या स्थानिक सेवेची बस फुकट आहे.