घरच्या संगणकासाठी कोणत्या कंपनीची हार्ड डिस्क अधिक विश्वासार्ह आहे?

कंपनीच्या नावापेक्षा विशिष्ट मॉडेल पाहून निर्णय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा या तीनच मोठ्या कंपन्या आज उरल्या आहेत. सॅमसंगचा हा व्यवसाय २०११ मध्ये सीगेटने, तर हिताचीचा २०१२ मध्ये वेस्टर्न डिजिटलने विकत घेतला.

बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या डेटा सेंटरमधील डिस्कांची २०१३ पासूनची आकडेवारी प्रसिद्ध करते, आणि तिच्यानुसार अलीकडे वर्षाला साधारण १ ते २ टक्के डिस्क निकामी होतात. सीगेटचे एसटी३०००डीएम००१ हे ३ टीबीचे मॉडेल तेथे मोठ्या संख्येने बंद पडले, परंतु त्याच कंपनीच्या ४ टीबीच्या डिस्क कितीतरी अधिक टिकल्या. हिताचीची कामगिरी मात्र सातत्याने उत्तम राहिली. अर्थात, नियंत्रित तापमानात अखंड चालणाऱ्या या डिस्कांची तुलना वारंवार चालू-बंद होणाऱ्या, उकाडा आणि विजेचा लपंडाव सोसणाऱ्या घरच्या डिस्कशी जपूनच करावी.

म्हणून खरेदी करताना हमीचा कालावधी अवश्य पाहावा: वेस्टर्न डिजिटलच्या ब्लॅक मालिकेला ५ वर्षांची, तर ब्लू मालिकेला साधारणतः २ वर्षांची हमी असते. वापरात असलेल्या डिस्कची ‘स्मार्ट’ नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या स्थितीची आपोआप ठेवते ती माहिती, अधूनमधून तपासावी आणि त्यातील बदललेल्या (खराब झाल्याने ज्यांच्या जागी राखीव भाग वापरला आहे अशा) किंवा प्रलंबित (खराब असल्याचा संशय असलेल्या) सेक्टरांची, म्हणजे माहिती साठवणाऱ्या छोट्या भागांची, संख्या वाढू लागल्यास, डिस्क सुरळीत चालत असली तरीही, सर्व माहिती तत्काळ दुसरीकडे हलवावी.