एकाच हुकाला बांधलेली प्रत

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सोलापूरच्या साखर पेठेत राहतो, चादरी आणि टॉवेलच्या जकार्ड डिझाइनचं, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचं, काम करतो. आधी ग्राफ पेपरवर चौकटी रंगवायचो, २००३ पासून कॉम्प्युटरवर करतो. दोन वर्षांपूर्वी मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. जाताना त्यानं डिझाइनचं अख्खं फोल्डर क्लाउडला जोडून दिलं आणि म्हणाला, "बाबा, आता काळजी नाही, सगळं वर आहे." गेल्या दिवाळीआधी कॉम्प्युटरमध्ये जागा राहिली नाही म्हणून पुतण्यानं जुनी फोल्डरं काढून टाकली. वर आहेच, असं त्यालाही वाटलं. संक्रांतीनंतर एका कारखानदाराला २०११ ची मोराची चादर परत काढायची होती. कॉम्प्युटरवर बघितली, नाही. वर बघितली, तिथंही नाही. आठ वर्षांचं काम गेलं. वर ठेवलेलं हरवत नाही म्हणतात, मग हे गेलं कसं? आता पैसे भरून ऑनलाइन बॅकअप घेऊ, का तोही असाच निघेल? डिझाइनचं फोल्डर ६ जीबीचं होतं. घरचे फोटो आणि मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ मिळून १८० जीबी आहेत, ते अजून शाबूत आहेत. इथं मला सगळे अण्णा म्हणतात, तेवढंच छापा.

उत्तर : अण्णा, पुतण्यावर रागावू नका. त्याच्या जागी दहापैकी नऊ जणांनी हेच केलं असतं. नव्या पेठेतल्या माझ्या दुकानात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी हीच गोष्ट घेऊन येतं.

तुमच्याच कामातलं सांगते. जकार्डात, म्हणजे ताण्याचे धागे उचलून नक्षी पाडणाऱ्या यंत्रात, एका हुकाला चार दोऱ्या बांधल्या, की हूक वर गेला की चारही ठिकाणचा ताणा उचलला जातो. एक दोरी उचल आणि तीन राहू दे, असं हुकाला सांगता येत नाही. मुलानं जोडून दिलं ते नेमकं असं होतं. त्याला सिंक म्हणतात. कॉम्प्युटरवरचं फोल्डर आणि वरचं फोल्डर एकाच हुकाला बांधलेलं. इथं नवी फाइल आली की वर गेली, इथं बदल झाला की वरही झाला, आणि इथली पुसली की वरचीही पुसली गेली. पुण्यातल्या मुलाला तुमची फाइल लगेच दिसावी, यासाठी ही सोय फार चांगली. पण तो बॅकअप नव्हे.

पुसलेली फाइल अशा सेवांमध्ये काही दिवस कचरापेटीत पडून राहते. गूगल ड्राइव्हमध्ये ३० दिवस, वनड्राइव्हच्या घरगुती खात्यातही ३० दिवस. तेवढ्यात लक्षात आलं तर एका क्लिकवर परत येते. दिवाळीआधी पुसलं आणि संक्रांतीनंतर शोधलं, म्हणजे मुदत कधीच उलटून गेली होती. डिझाइनच्या धंद्यात तर जुनी फाइल पाच-पाच वर्षं कुणी उघडत नाही. ती गेलीय हे कळायलाच तीस दिवसांपेक्षा जास्त लागतात.

व्हायरसचंही तसंच. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस कॉम्प्युटरमध्ये शिरला, तर सिंक बिचारं त्या बिघडलेल्या फायलीच इमानानं वर पाठवत राहतं. फाइलची आधीची आवृत्ती जपून ठेवलेली असेल, तरच त्यातून सुटका.

बॅकअपची सेवा वेगळी असते. ती तुमच्या कॉम्प्युटरवर मागच्या बाजूला चालत राहते, बदललेल्या फायली वर नेते आणि जुन्या आवृत्त्याही ठेवते. इथं पुसलं तरी वरचं लगेच पुसत नाही. बॅकब्लेझ ही त्यातली नावाजलेली कंपनी. एका कॉम्प्युटरला वर्षाचे ठरलेले पैसे, मी पाहिलं तेव्हा ९९ डॉलर, मग १० जीबी असो की १००० जीबी. पुसलेल्या आणि बदललेल्या फायली ती वर्षभर ठेवते. आयड्राइव्हमध्ये जागेचे पैसे असतात, पण एकाच खात्यात घरातले कितीही कॉम्प्युटर जोडता येतात. कुठलीही घ्या, पैसे भरण्याआधी एकच गोष्ट विचारा : पुसलेली फाइल किती दिवस ठेवता? हा आकडा सेवेच्या पानावर सापडला नाही, तर तिथं पैसे भरू नका.

पण अण्णा, तुम्हाला लगेच ९९ डॉलर भरायची गरज मला दिसत नाही. तुमच्या ज्या गोष्टी पुन्हा करता येणार नाहीत, त्या ६ जीबीत होत्या. डिझाइनच्या चित्राची बीएमपी फाइल केवढीशी असते! जागा खातात ते लग्नाचे व्हिडिओ. व्हिडिओंची एक प्रत मुलीकडं, एक व्याह्यांकडं असणारच. म्हणून आधी डिझाइन, मग घरचे फोटो, व्हिडिओ सगळ्यांत शेवटी. लोक उलटं करतात. सगळं एकदम वर चढवायला बसतात, तिसऱ्या दिवशी कंटाळतात, आणि हवी ती फाइल रांगेत मागंच राहते.

वेळेचा हिशेबही आधीच करा. नेटवाल्याकडून डाउनलोडचा नव्हे, अपलोडचा वेग विचारून घ्या. २० एमबीपीएस अपलोड असेल तर ६ जीबी पाऊण तासाच्या आत वर जातात, १८० जीबीला वीस तास लागतात. अपलोड ५ असेल तर त्याच १८० जीबीला सलग ८० तास. उन्हाळ्यात आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे. घाबरू नका, या सेवा जिथं थांबल्या तिथून पुढं सुरू होतात. फक्त रात्री कॉम्प्युटर झोपी जाणार नाही, अशी सेटिंग करून ठेवा.

ऑनलाइनच्या जोडीला एक साधी एक्सटर्नल हार्ड डिस्कही घ्या. आणि ती कॉम्प्युटरला कायमची जोडून ठेवू नका. हे मी हात जोडून सांगते, कारण मी स्वतः त्यात पोळलेय.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचेखात्यात होते. शेवटच्या वर्षात मी त्यांना समोर बसवून चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं होतं. कुठल्या गिरणीचा भोंगा कसा वाजायचा, ते तोंडानं वाजवून दाखवायचे, आणि मध्येच आईला हाक मारून विचारायचे, "बरोबर आहे का गं?" ती फाइल कॉम्प्युटरवर होती आणि एक्सटर्नल डिस्कवरही होती. दोन ठिकाणी आहे म्हणून मी निर्धास्त होते. २०१४ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि बोळातल्या लाइनचा न्यूट्रल तुटला. न्यूट्रल गेला की घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपासही व्होल्टेज चढू शकतं. ट्यूबलाइट पांढरीफट्ट झाली, पंखा भलत्याच वेगानं फिरायला लागला आणि कॉम्प्युटरच्या मागून फट्‌ असा आवाज आला. जळक्या प्लास्टिकचा वास पुढं दोन दिवस खोलीतून गेला नाही. कॉम्प्युटर गेला आणि त्याला वायरनं जोडलेली डिस्कही गेली. दोन्ही प्रती एकाच प्लगवर होत्या. डिस्क दुरुस्तीला पुण्यापर्यंत पाठवली, फाइल मिळाली नाही. वडील आदल्या वर्षीच गेले होते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीय. तीन प्रती. त्यातल्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. या धंद्यातले लोक याला तीन-दोन-एकचा नियम म्हणतात. तुमच्या बाबतीत : एक कॉम्प्युटरवर, एक डिस्कवर (दर रविवारी जोडायची, प्रत झाली की काढून कपाटात), आणि एक ऑनलाइन. ऑनलाइन सेवेवरही सगळा भार टाकू नका. क्रॅशप्लॅन नावाची घरगुती बॅकअपची चांगली चालणारी सेवा होती. २०१७ मध्ये कंपनीनं कळवलं की यापुढं फक्त व्यवसायांना सेवा देणार, आणि पुढच्या वर्षी घरगुती खाती बंद झाली. लोकांना आपापली सोय दुसरीकडं करावी लागली. ज्यांच्या कपाटात डिस्क होती, त्यांना ती सोय सावकाश करता आली.

आणि परत उतरवून बघा. हे कुणीच करत नाही. महिन्यातून एकदा एक जुनी फाइल निवडायची, ऑनलाइन बॅकअपमधून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवायची आणि उघडून बघायची. नुसतं हिरवं टिकमार्क बघून समाधान मानू नका. रंग बरोबर आहेत का, हुकांची संख्या जुळते का, ते तुमच्या डोळ्यांनी बघा. जगभर ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडं ती हिशेबाची वर्षअखेर. कारखान्याची वही बंद कराल त्या दिवशी एकदा पूर्ण फोल्डर उतरवून तपासायचं, असं ठरवून टाका.

आता गेलेल्या डिझाइनचं. कॉम्प्युटरमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर तो आजपासून बंद ठेवा आणि जाणकाराला दाखवा. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर काही फायली निघू शकतात. एसएसडी, म्हणजे न फिरणारी नवी डिस्क, असेल तर आशा जवळजवळ नाही, पुसलेली जागा ती स्वतःच रिकामी करून टाकते. पण तेवढ्यावर थांबू नका. इलेक्ट्रॉनिक जकार्डला फाइल पेन ड्राइव्हनंच जाते ना? मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ज्यांच्याकडं तुमच्या डिझाइन लागल्या, त्यांचे पेन ड्राइव्ह आणि मशीनची मेमरी तपासायला सांगा. कारखानदारांना मेलनं पाठवलेल्या फायली 'सेंट'मध्ये तशाच असतील. आधीच्या मशीनचे भोकं पाडलेले पुठ्ठे कुणाच्या माळ्यावर असतील, तर तेही रद्दीत जाऊ देऊ नका. एकेका भोकात तुमचं डिझाइन आहे.

ती मोराची चादर कुणाच्या तरी घरात असेलच. सोलापुरी चादर काय वर्षा-दोन वर्षांत फाटते? मिळाली तर धुऊन, ताणून, स्कॅन करून घ्या. चादरीत एकेक ताणा-बाणा मोजता येतो. पुन्हा काढायला तुम्हाला आठवडा लागेल, पण डिझाइन परत येईल. चादर मिळत नसेल तर मला कळवा, दुकानात येणाऱ्यांना मी विचारते.

प्रश्न : मी जुळे सोलापूरला राहते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझं गूगलचं स्टोरेज भरलंय आणि आता कॉलेजचे मेलसुद्धा येत नाहीत. मोबाइलमधले फोटो डिलीट केले तर जागा होईल ना? ते वर राहतीलच ना?

उत्तर : थांब, अजून काही पुसू नकोस. वरचं पत्र आधी वाच.

फुकट मिळणारे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांना मिळून असतात. १ जून २०२१ पर्यंत थोड्या कमी दर्जाचे फोटो त्यात मोजले जात नव्हते, त्यानंतर वर चढवलेले सगळे मोजतात. म्हणून फोटोंनी जागा भरली की मेल अडतो.

गूगल फोटोज्‌मध्ये फोटो निवडून डिलीट केलास तर तो मोबाइलमधूनही जातो आणि वरूनही जातो. कचरापेटीत ६० दिवस राहतो, मग कायमचा. मोबाइलमधली जागा तेवढी मोकळी करायची असेल तर त्यासाठी वेगळं बटण आहे, वर पोचलेल्या फोटोंची मोबाइलमधली प्रत तेवढी ते काढतं. पण तुझी अडचण मोबाइलची नाही, वरच्या जागेची आहे. तेव्हा आधी सगळे फोटो एका डिस्कवर उतरव आणि दहा-वीस उघडून बघ. मग वरचे मोठे व्हिडिओ आणि मोठ्या अटॅचमेंटचे मेल काढ. एवढ्यानंच बरीच जागा होईल. नाहीच झाली, तर १०० जीबीला महिन्याचे १३० रुपये पडतात. हा प्लॅन कुटुंबात वाटून घेता येतो, पण त्यात मैत्रिणींच्या नको, तुझ्या घरच्यांसोबतच राहा.

प्रश्न : वय ७१, निवृत्त शिक्षक, विजापूर रोड. घराण्याची वंशावळ, जुनी खरेदीखतं, मोडीतली पत्रं असं सगळं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलं आहे. माझ्यानंतर हे मुलींना मिळेल काय?

उत्तर : सर, आज जसं आहे तसं ठेवलंत तर बहुधा मिळणार नाही. दोन वर्षं कुणी वापरलं नाही, तर गूगल ते खाते आतल्या सामानासकट काढून टाकू शकतं.

गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं किती महिने बंद राहिलं की कळवायचं ते तुम्ही ठरवता, ३ पासून १८ महिन्यांपर्यंत. दहा जणांपर्यंत नावं देता येतात आणि कुणाला काय मिळावं तेही ठरवता येतं. दोन्ही मुलींची नावं आजच घाला, आणि घातल्याचं त्यांना फोन करून सांगा.

दुसरं, तुमच्या खात्याला दोन टप्प्यांचं कुलूप (टू-स्टेप व्हेरिफिकेशन) असेल, तर गूगल आठ आकडी दहा कोड देतं, ते छापून घ्या. मोबाइल हरवला किंवा सिम बंद पडलं तरी त्यातल्या एका कोडानं खातं उघडतं. तो कागद विम्याच्या फायलीत ठेवा, कॉम्प्युटरमध्ये नको. एखाद्या बॅकअप सेवेत स्वतःची खासगी किल्ली लावली असेल, तर तीही त्याच कागदावर लिहा. ती विसरली तर कंपनीलासुद्धा तुमच्या फायली उघडता येत नाहीत.

मोडी पत्रांचे मूळ कागद स्कॅन झाले म्हणून टाकले नाहीत ना? नसतील, तर येत्या रविवारी दुकानात घेऊन या. मला बघायचे आहेत.