९७ पर्सेंटाइलला कॉम्प्युटर मिळेल का?

प्रश्न : मुलीला सीईटी या प्रवेश परीक्षेत ९७.२ पर्सेंटाइल आहेत. आम्ही ओबीसी. तिला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच हवंय, तेही पुण्याच्या सीओईपी नाहीतर मुंबईच्या व्हीजेटीआयला. एक समुपदेशक म्हणतात, ‘मोठी नावं टाकून फॉर्म वाया घालवू नका, नक्की मिळेल ते पहिलं लिहा. नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून सीट बघू.’ काय करावं?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, त्या दोन ठिकाणच्या कॉम्प्युटरची आशा धरू नका. तिथली यादी ९९ च्या बरीच वर संपते, मुलींच्या राखीव जागा धरूनही. पण म्हणून समुपदेशकाचं ऐका, असं मी म्हणणार नाही.

आधी पर्सेंटाइल बाजूला ठेवा, मेरिट नंबर बघा. समजा, चार लाख मुलं परीक्षेला बसली, तर ९७.२ ला तुमच्या मुलीपुढे अकरा हजारांच्या वर मुलं. तीन लाखच बसली असती तर साडेआठ हजारांच्या आत. आकडा तोच, रांग वेगळी. सीईटी सेलची गेल्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडा. प्रत्येक शाखेखालच्या तक्त्यात चौकोनात वर मेरिट नंबर असतो, खाली कंसात पर्सेंटाइल. वरचा वाचा. तुमचा रकाना ‘एल’ने सुरू होणारा ओबीसीचा; ‘एल’ म्हणजे मुली. ‘जी’चा (मुलं-मुली दोघांसाठीचा) आणि ओपनचाही बघा, त्या जागांवरही तिचा हक्क आहे. रकान्याच्या नावाच्या शेवटी ‘एस’ असेल तर जागा राज्यभरासाठी, ‘एच’ असेल तर त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी.

आता क्रम. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि मेरिटमध्ये बसणारा पहिला पर्याय देऊन थांबतो. वरचे दहा हुकले म्हणून अकराव्यावरचा हक्क जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला, की तो आपोआप फ्रीझ होतो. पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. मी प्रवेशाच्या सुविधा केंद्रात बरीच वर्षं बसलो. एका मुलानं घराजवळचं कॉलेज ‘सेफ’ म्हणून पहिलं लिहिलं होतं. लागलं. त्याला स्वतःला जे कॉलेज खरं हवं होतं, ते त्याच्याहून खालच्या नंबरच्या मित्राला मिळालं. वडील टेबलावर अलॉटमेंटचा कागद ठेवून विचारत होते, ‘सर, हे बदलता नाही का येणार?’ येत नव्हतं.

तेव्हा यादी मुलीच्या आवडीनं लावा, सीओईपी खुशाल पहिलं असू द्या. शक्यतांचा हिशेब यादीच्या शेपटाला करायचा : गेल्या वर्षी तिच्यापेक्षा चार-पाच हजारांनी मागच्या नंबरला मिळालेल्या, पण तिला खरोखर चालतील अशा चार-सहा जागा तळाला हव्यात. त्यात आयटी चालेल का, हे तिलाच विचारा. पत्रात तिचं मत कुठे दिसलं नाही.

मॅनेजमेंट कोट्याचं, म्हणजे कॉलेज कॅपबाहेर स्वतः भरतं त्या जागांचं म्हणाल, तर २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. समुपदेशकांनी हे सांगितलं नसावं.

आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला आजच कपाटातून काढा. तो पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा. नसेल तर मुलगी ओपनमध्ये धरली जाते आणि वरचा सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागतो.