रायझन ५ ७६०० घ्यावा की कोअर आय५-१४४००एफ? गुहागरमधील एका घरासाठी उत्तर

आपण विचारले आहे की, गुहागरजवळच्या गावी मुलासाठी आणि घरच्या कामासाठी मिळून एकच डेस्कटॉप जुळवून घ्यायचा आहे. मुलगा रात्री आणि सुट्टीत गेम खेळणार, दिवसा त्यावरच आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, जीएसटीची बिले आणि पर्यटकांच्या खोल्यांचे बुकिंग होणार. दुकानदाराने एएमडीचा रायझन ५ ७६०० आणि इंटेलचा कोअर आय५-१४४००एफ असे दोन प्रोसेसर सुचवले आहेत आणि इंटेलचा काहीसा स्वस्त पडतो. मी रत्नागिरी तालुक्यात राहतो आणि गेली बरीच वर्षे नातेवाईक व शेजाऱ्यांना संगणक जुळवून देत आलो आहे. आपल्या घरासाठी मी रायझन ५ ७६०० घेईन; मात्र त्याचे मुख्य कारण गेममधील वेग हे नाही, आणि म्हणूनच हे उत्तर थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी दोन्हींची ओळख करून घेऊ. रायझन ५ ७६०० जानेवारी २०२३ मध्ये आला. त्यात ६ कोअर (काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालवता येणारी कामे) आहेत, कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ आणि एल-३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान साठवण, ३२ एमबी आहे. कोअर आय५-१४४००एफ जानेवारी २०२४ मध्ये आला. त्यात ६ मोठे आणि ४ लहान असे १० कोअर, एकूण १६ थ्रेड, कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ आणि एल-३ कॅशे २० एमबी. दुकानात अनेकदा ‘दहा कोअर विरुद्ध सहा कोअर’ असे सांगून दुसरा गळ्यात घातला जातो, परंतु ते चार लहान कोअर वीज वाचवण्यासाठी आणि मागे चालणाऱ्या कामांसाठी आहेत. गेमचा मुख्य भार मोठ्या कोअरवरच पडतो आणि ते दोन्हींकडे सहाच आहेत.

गेममध्ये प्रोसेसरचे काम प्रत्येक चित्रचौकटीची आखणी करण्याचे असते: कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली, पुढच्या क्षणी काय घडणार. ही आखणी झाली की रंगकाम ग्राफिक्स कार्ड करते. दोघांपैकी जो हळू, त्याच्या गतीने गेम चालतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या गेममध्ये रंगकाम हलके असते, त्यामुळे तेथे प्रोसेसरचा फरक उघड दिसतो, आणि वेगवान कोअर व मोठ्या कॅशेमुळे रायझन बहुतेक वेळा पुढे राहतो. कॅशे मोठी असली की लागणारी माहिती हाताशी राहते आणि दर वेळी रॅमपर्यंत जाऊन थांबावे लागत नाही. याउलट सायबरपंक २०७७ सारखा जड गेम आरटीएक्स ४०६० सारख्या मध्यम कार्डावर उच्च सेटिंग ठेवून खेळला, तर कार्डच आधी थकते आणि दोन्ही प्रोसेसर जवळजवळ सारखेच वाटतात. आंतरजालावरील तुलनांचे तक्ते सर्वांत महागडे कार्ड लावून काढलेले असतात, कारण प्रोसेसरमधील फरक तसाच उघडा पडतो. ती पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण आपल्या अंदाजपत्रकात ते कार्ड बसणार नाही, म्हणून तक्त्यातील सगळा फरक आपल्या मुलाला घरी दिसेल असे धरू नये.

आता ज्या कारणासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो त्याकडे येतो. इंटेलच्या नावातील शेवटचे ‘एफ’ हे अक्षर सांगते की या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, म्हणजे ग्राफिक्स कार्ड काढले की मॉनिटरवर काहीही दिसत नाही. रायझन ५ ७६०० मध्ये दोन ग्राफिक्स कोअर आहेत. ते गेमसाठी मुळीच पुरेसे नाहीत, पण हिशेब, बिले, ईमेल, व्हिडिओ आणि मुलाचा ऑनलाइन अभ्यास यांसाठी पूर्ण पुरतात.

हा फरक किती मोठा आहे हे मला एका पावसाळ्यात कळले. माझ्या भाच्यासाठी मी २०२२ मध्ये कोअर आय५-१२४००एफ वापरून संगणक जुळवला होता आणि त्यावर त्याच्या वडिलांचे दुकानाचे हिशेबही चालत. पुढच्या जुलैत ग्राफिक्स कार्ड बंद पडले. वॉरंटी होती, पण कार्ड मुंबईला पाठवावे लागले आणि ते परत येईपर्यंत पाच आठवडे गेले. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, एसएसडीमध्ये सगळा हिशेब सुरक्षित, आणि तरीही पडवीत ठेवलेला तो संगणक पाच आठवडे नुसता पेटीसारखा पडून होता. बिलांची मुदत जवळ आल्यावर अखेर एसएसडी काढून दुसऱ्याच्या संगणकाला लावावी लागली. दोष प्रोसेसरचा नव्हता. निवड माझी होती आणि निवडताना मी फक्त गेमचा विचार केला होता. पुण्यात किंवा ठाण्यात राहणारा माणूस संध्याकाळी दुकानात जाऊन एखादे जुने कार्ड तात्पुरते लावून घेऊ शकतो. गुहागरहून चिपळूणला जाऊनही ते मिळेलच असे नाही, आणि भर पावसात कुरिअर किती दिवसांनी पोहोचेल हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. त्यानंतर ज्या संगणकावर घराचे कामही चालणार आहे, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर मी कुणालाही सुचवलेला नाही. दुकानदार इंटेलसाठीच आग्रह धरत असेल तर ‘एफ’ नसलेला कोअर आय५-१४४०० मागा. त्यात यूएचडी ७३० हे अंगभूत ग्राफिक्स असते. त्यासाठी थोडे पैसे जास्त पडतात आणि मग दोन्हींच्या किमतीतील अंतर बरेच मिटते.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाइट किती वेळा जाते आणि आल्यावर व्होल्टेज कसे वरखाली होते, हे सांगण्याची गरज नाही. तक्त्यांत याचा विचार नसतो, म्हणून आकडे मांडतो. रायझन ५ ७६०० चा टीडीपी (कंपनीने दिलेला मूळ विजेचा आकडा) ६५ वॅट असून पूर्ण भारात तो मूळ सेटिंगप्रमाणे सुमारे ८८ वॅटपर्यंत जातो. आय५-१४४००एफ चाही मूळ आकडा ६५ वॅटच आहे, पण टर्बो वेगात तो १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. ही मर्यादा थोड्या काळापुरती असणे अपेक्षित असले, तरी अनेक मदरबोर्ड ती मोकळी सोडतात. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून ५० धरा. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारी पेटी) स्वतः दहा-बारा टक्के वीज उष्णतेत घालवतो आणि मॉनिटरला साधारण ३० वॅट लागतात. एवढे मिळवले तर सर्वांत वाईट क्षणी रायझनचा संगणक ३१५ वॅटच्या आसपास आणि इंटेलचा ३८० च्या आसपास पोहोचतो. बाजारात सर्वत्र मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर गेम खेळताना यांपैकी कोणताही प्रोसेसर आपली मर्यादा क्वचितच गाठतो, आणि कोणताही घेतला तरी माझा आग्रह १ केव्हीएच्या यूपीएससाठीच राहील. पण यूपीएस नेमका लाइट जाते त्या क्षणी उपयोगी पडायचा असतो, आणि भार मर्यादेच्या वर असेल तर तो त्याच क्षणी शिटी मारून बंद होतो, हे लक्षात ठेवावे. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबायचे असल्यास त्याच्या मागील बटण यूपीएस मोडवर आहे ना ते पाहून घ्या. साध्या मोडमध्ये बदल व्हायला इतका वेळ लागतो की पंखा चालू राहतो आणि संगणक मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. संगणक नुसता चालू असतो, म्हणजे पडद्यावर बुकिंगचे पान उघडे आहे आणि कुणी काही करत नाही, तेव्हा इंटेलचा प्रोसेसर रायझनपेक्षा कमी वीज खातो, कारण रायझनमध्ये दोन वेगळ्या चिप एकमेकींशी सतत संपर्कात ठेवाव्या लागतात. दहा वॅटचा फरक धरला आणि संगणक रोज दहा तास चालला, तर महिन्याला तीन युनिट जास्त जातील. इंटेलच्या बाजूचा हा खरा गुण आहे, पण तेवढ्याने माझा निर्णय बदलत नाही.

किमतीची तुलना करताना प्रोसेसरकडे एकट्याने पाहू नका; मदरबोर्ड आणि रॅम धरून जी बेरीज होईल तीच खरी किंमत. रायझन ५ ७६०० एएम५ सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डावरील प्रोसेसरच्या त्या प्रकारच्या खाचेत, बसतो आणि त्याला डीडीआर५ रॅमच लागते. आय५-१४४००एफ एलजीए १७०० सॉकेटवर बसतो आणि मदरबोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ यांपैकी एक चालते. येथे एक अपवाद आहे आणि तो मी मनापासून मानतो: घरात आधीचा संगणक असेल आणि त्यात ८-८ जीबीच्या दोन चांगल्या डीडीआर४ रॅम असतील, तर डीडीआर४ चा बोर्ड आणि इंटेल हाच व्यवहार शहाणपणाचा ठरतो, विशेषतः डीडीआर५ चे भाव चढलेले असताना. अशा वेळी वाचलेल्या पैशांत ‘एफ’ नसलेला प्रोसेसर आणि चांगला यूपीएस दोन्ही बसतात. बाकी सगळेच नवीन घ्यायचे असेल, तर जुन्या प्रकारच्या रॅमवर आज पैसे घालणे मला पटत नाही.

पुढच्या वाढीचा विचारही येथेच येतो. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे प्रोसेसर आणले तेव्हा सॉकेटही बदलून एलजीए १८५१ केला, त्यामुळे एलजीए १७०० च्या बोर्डावर पुढच्या पिढ्या बसणार नाहीत. एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि तो २०२७ व त्यापुढेही चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. आज ७६०० बसवलेल्या बी६५० बोर्डावर तीन-चार वर्षांनी बायोस (बोर्डातील मूळ प्रणाली) अद्ययावत करून रायझन ७ ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी बसू शकतो, आणि हे गेमसाठी फार वरच्या दर्जाचे प्रोसेसर आहेत. मुलगा अकरावीत असेल तर कॉलेज संपेपर्यंत हाच बोर्ड पुरेल, त्या वेळी फक्त प्रोसेसरची एक छोटी डबी कुरिअरने मागवावी लागेल. सगळा सांगाडा उचलून चिपळूण-रत्नागिरीला नेण्यापेक्षा ते किती सोपे आहे, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळते.

रोजच्या कामात दोघांत फरक जाणवणार नाही. व्हिडिओ संपादन किंवा मोठ्या फाइली आवळणे अशा, सगळे कोअर वापरणाऱ्या कामांत इंटेल थोडा पुढे जातो. मुलाला तोच छंद असेल तर ते वजन तराजूत घाला. दोन्हींच्या बॉक्समध्ये पंखा येतो आणि या कामासाठी तो पुरतो. मात्र मे महिन्याच्या दमट उष्म्यात कॅबिनेट भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि खाऱ्या वाऱ्याच्या खिडकीखाली तर मुळीच नको. वापरात नसलेल्या संगणकाच्या जोडण्यांवर हिरवट थर चढलेला मी अनेकदा पाहिला आहे. पावसाळ्यात दिवसातून तासभर तरी तो चालू ठेवावा, म्हणजे आतली ऊब ओल धरू देत नाही.

तेव्हा दुकानदाराला असे सांगा: रायझन ५ ७६०० सीलबंद बॉक्समधलाच हवा, ट्रे पॅक (बॉक्सशिवाय सुटा मिळणारा) नको, कारण कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी बॉक्सवर मिळते, साधा बी६५० बोर्ड, आणि डीडीआर५-६००० च्या १६-१६ जीबीच्या दोन रॅम. अंदाजपत्रक ताणले जात असेल तर ८-८ च्या दोन घ्या, पण १६ ची एकच घेऊ नका, कारण एका रॅमवर प्रोसेसरला माहितीचा अर्धाच रस्ता मिळतो आणि गेममध्ये ते लगेच जाणवते. बायोसमध्ये एक्स्पो हा पर्याय चालू केल्याशिवाय रॅम आपल्या पूर्ण वेगाने चालत नाही. दुकानातून निघण्यापूर्वी तो चालू करून पडद्यावर दाखवायला सांगा. ग्राफिक्स कार्ड काढून मॉनिटरची वायर मदरबोर्डला लावूनही एकदा संगणक सुरू करून पाहा, म्हणजे अडीअडचणीचा तो रस्ता उघडा आहे याची खात्री होईल. घरी आणल्यावर किंवा बायोस बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळात बोर्ड रॅमची जुळणी तपासत असतो, म्हणून घाबरून बटण दाबून तो बंद करू नका आणि ते पहिले सुरू करणे यूपीएस लावूनच करा.