वाचक विचारतात : राग होता म्हणून लेखन खोटं ठरतं का?

प्रश्न : रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचं बिंग फोडणाऱ्या आयडा टार्बेल या अमेरिकी पत्रकार बाईंबद्दल एका व्याख्यानात ऐकलं. शेवटी वक्ते म्हणाले की, त्यांच्या वडिलांना याच कंपनीच्या डावपेचांची झळ लागली होती आणि भाऊ स्पर्धक तेल कंपनीत होता. मग हे सगळं सूडापोटी लिहिलेलं नाही का? ते कितपत खरं धरायचं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : वक्त्यांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. टार्बेलबाईंचा जन्म 1857 चा, पेनसिल्वेनियातला. दोन वर्षांनी तिथल्याच टायटसव्हिल गावी एडविन ड्रेकने खणलेल्या विहिरीला तेल लागलं आणि त्यांचे वडील फ्रँकलिन तेल साठवायच्या लाकडी टाक्या बांधू लागले. पुढे ते स्वतः तेल काढण्याच्या धंद्यात उतरले. 1872 साली या तेलपट्ट्यात जे घडलं, ते चौदा वर्षांच्या आयडाने घरात बसून पाहिलं.

घडलं ते असं. रेल्वे कंपन्यांनी साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी नावाच्या एका टोळक्याशी गुपचूप करार केला. त्यात रॉकफेलर आणि त्याचे साथीदार होते. न्यूयॉर्कपर्यंत कच्च्या तेलाचं भाडं ठरलं बॅरलला 2 डॉलर 56 सेंट, आणि टोळक्यातल्या माणसाला त्यातले 1 डॉलर 6 सेंट परत. मोठ्या गिऱ्हाइकाला सूट म्हणून हे एक वेळ चालून गेलं असतं. पण बाहेरच्या व्यापाऱ्याने पूर्ण भाडं भरून माल पाठवला, तरी त्याच्या पैशांतूनही तेवढीच रक्कम या टोळक्यालाच मिळायची! शिवाय कोणी किती माल कुठे पाठवला, याची माहितीही रेल्वेने त्यांना पुरवायची. तेलपट्टा पेटून उठला आणि करार मोडला, पण तोवर क्लीव्हलँडमधले बहुतेक तेलशुद्धीकरण कारखाने रॉकफेलरच्या ताब्यात गेले होते. पुढे वडिलांच्या भागीदाराने आत्महत्या केली, घर गहाण पडलं.

राग होताच, आणि तो असायलाच हवा होता. मी जिल्हा न्यायालयाच्या बातम्या करण्यात उमेदीची वर्षं घालवली. तिथे एक गोष्ट पक्की कळली. साक्षीदार फिर्यादीचा नातलग आहे एवढ्यावरून त्याची साक्ष बाद होत नाही. ती जास्त काळजीने तपासायची आणि दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहायची.

तसं ताडून पाहिलं तर काय दिसतं? 1881 मधलं एक पत्र बघा. स्टँडर्डच्या गोटातली लुइव्हिलची एक कंपनी रेल्वेच्या मालवाहतूक अधिकाऱ्याला कळवते की, नॅशव्हिलच्या अमुक व्यापाऱ्याकडे 70 बॅरल तेल कमी भाड्यात निसटून पोहोचलेलं दिसतं, तरी कृपया आणखी एक पेच आवळा. हे कंपनीचंच पत्र. त्यात टार्बेलबाईंच्या रागाचा काय संबंध? शिवाय त्यांनी या कंपनीवर लिहिलेल्या ग्रंथात स्टँडर्डच्या खऱ्याखुऱ्या मोठेपणावर एक पूर्ण प्रकरण आहे. रॉकफेलरची शिस्त, काटकसर, दूरदृष्टी यांना त्यांनी मोकळेपणाने दाद दिली. तक्रार मोठेपणाबद्दल नव्हती, खेळ सरळ खेळले नाहीत याबद्दल होती.

एका ठिकाणी मात्र मला त्यांचं पटत नाही. 1905 मध्ये त्यांनी रॉकफेलरचं व्यक्तिचित्र लिहिलं आणि आजाराने केस गेलेल्या त्या माणसाच्या रूपावरून त्याचा स्वभाव वाचला. तिथे कागद संपतो आणि राग बोलू लागतो. तेवढा लेख बाजूला ठेवा.

प्रश्न : इतक्या बलाढ्य कंपनीचे कागद त्या काळी एका बाईच्या हाती लागले कसे?
– पत्रकारितेची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बहुतेक कागद कोणालाही मिळण्यासारखेच होते, हे आधी लक्षात घे. काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) आणि राज्यांच्या चौकशी समित्यांपुढे कंपनीच्या माणसांनी शपथेवर दिलेल्या जबान्या दप्तरांत धूळ खात पडल्या होत्या. त्या पानापानाने वाचायला कोणी बसलं नव्हतं, टार्बेलबाई बसल्या. साउथ इम्प्रूव्हमेंट प्रकरणावर 1873 मध्ये निघालेली पुस्तिका नष्ट झाली, आता मिळायची नाही, असं लोक सांगत. ती न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात निघाली. क्लीव्हलँडमध्ये जॉन सिडल नावाचा तरुण सहायक त्यांच्यासाठी पायपीट करत होता.

कंपनीतला एक बडा माणूसही बोलायला तयार झाला. हेन्री रॉजर्स. मार्क ट्वेनच्या ओळखीने भेट ठरली आणि पुढे जवळजवळ दोन वर्षं टार्बेलबाई 26 ब्रॉडवे या कंपनीच्या मुख्यालयात जाऊन प्रत्येक प्रकरणावर त्याचं म्हणणं ऐकून घेत राहिल्या. रेल्वे कारकुनांकडून तुम्ही स्पर्धकांच्या मालाची माहिती काढता का, असं त्यांनी विचारलं. त्याने नाही म्हटलं.

आता एका पोराची गोष्ट. स्टँडर्डच्या एका कचेरीत महिन्याच्या महिन्याला जुने कागद जाळायचं काम त्याच्याकडे होतं. एकदा जाळता जाळता त्याला ओळखीचं नाव दिसलं. चर्चच्या रविवारच्या शाळेत त्याला शिकवणारे गुरुजी स्वतंत्र तेल व्यापारी होते, त्यांचं. मग त्याने नीट पाहायला सुरुवात केली. गुरुजींचा माल कुठे, किती गेला, याच्या नोंदी रेल्वेकडून येत होत्या, आणि मालाची ऑर्डर मोडायला माणसं पाठवली जात होती. ते कागद त्याने गुरुजींना दिले आणि गुरुजींनी टार्बेलबाईंना. छापताना मुलाचं किंवा कचेरीचं नाव कुठे फुटू दिलं नाही. हा भाग वाचून रॉजर्स भडकला, हे आणलंत कुठून म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं नाही, आणि भेटी तिथेच थांबल्या.

प्रश्न : त्यांच्या लेखांमुळेच स्टँडर्ड ऑइल फुटली का? आणि हा ग्रंथ आज वाचायला मिळतो का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : फक्त लेखांमुळे नाही. मॅक्लुअर्स मासिकात लेखमाला चालली नोव्हेंबर 1902 ते 1904. सरकारी खात्याने स्वतः चौकशी करून मे 1906 मध्ये रेल्वेच्या छुप्या भाड्यांवर अहवाल दिला, त्याच वर्षी केंद्र सरकारने खटला भरला आणि 15 मे 1911 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडायचा आदेश दिला. तिचे 34 तुकडे झाले. कोर्टापुढचा पुरावा सरकारने उभा केला. पण चौकशी हवी, असं लाखो घरांत वाटू लागलं ते या लेखमालेमुळे, असं माझं मत आहे.

ग्रंथ 1904 चा, दोन खंडांचा. हक्क केव्हाच संपले, त्यामुळे तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. सुरुवात पहिल्या खंडाच्या परिशिष्टापासून करा. 18 जानेवारी 1872 चा रेल्वेशी झालेला करार तिथे छापला आहे.