ढेप वाढवली तरी दूध का वाढलं नाही?

भाऊ, सरकीची ढेप दोनची चार किलो केली, गाय मात्र सहा लिटरवरच अडली, शेण पातळ झालं, कोठ्यात मुताचा वास झोंबतो. ढेपेत भेसळ असेल का, असं विचारलंत. असेलही, पण वासावरून मला वेगळंच वाटतं: ढेप पोटात फुटली, पण कामी आली नाही.

आपण गाईला चारतो असं म्हणतो, पण पहिल्या पंगतीला बसतात ते तिच्या कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले जिवाणू. ढेपेतली बरीच प्रथिनं ते तिथंच फोडून अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं अंग बांधतात. पुढे चौथ्या पोटात नि आतड्यात हेच जिवाणू पचतात; गाईला मिळणाऱ्या प्रथिनांचा मोठा वाटा त्यांचाच. पण अंग बांधायला त्यांना ताकद लागते, ती पिठूळ दाण्यातून लवकर मिळते. तुमच्या गव्हाणीत सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) आणि ढेप, दाणा नाहीच. मग उरलेला अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं. थोडा लाळेतून परत पोटात येतो, बाकीचा मुतातून नालीत. तिथं जो वास येतो ना, तो तुमच्या ढेपेच्या पैशाचा.

ढेप पुन्हा दोन किलोवर आणा. सोबत मक्याचा किंवा ज्वारीचा दीड किलो भरडा, दोन्ही वेळांत विभागून, ढेपेत कालवूनच. चढवायचा मात्र आठ-दहा दिवसांत. मी एकदा भिजलेली ज्वारी वाया जाऊ नये म्हणून एका रात्री टोपलंभर घातली. सकाळी गाय रवंथ सोडून कुशीवर पडलेली. पोट आंबलं होतं. वाचली, पण महिनाभर दुधाचं नाव नाही.

शेंगदाणा ढेप घ्या असं कोणी सांगेल. तिच्यात प्रथिनं चाळीस टक्क्यांच्या वर, पण ती कोटीपोटात सरकीपेक्षा लवकर फुटतात, म्हणजे दाण्याशिवाय तीच गत. आणि कच्चं सोयाबीन भरडून देत असाल तर चाऱ्यात घालायचा युरिया त्याच्या जवळही नको. सोयाबीनमधल्या विकरानं युरियाचा झपाट्यानं अमोनिया होतो, जनावर दगावतं. सरकीची ढेप लहान वासरापुढे टाकू नका, त्याचं कोटीपोट अजून तयार नसतं.

गाय व्यालेली किती महिने झाले ते लिहिलंच नाही तुम्ही. सात-आठ झाले असतील, तर सहा लिटर टिकलं तेच बरं समजा.